एकदाच विचारा

नेमणूकपत्रात ‘समन्वयक’ हा शब्द तिने पहिल्यांदा वाचला तेव्हा तिला वाटलं, चला, आपलं भौतिकशास्त्र अगदीच वाया गेलं नाही. दोन लाटा एका तालात आल्या की मोठी लाट होते आणि उलट्या तालात आल्या की दोघीही नाहीशा होतात, हे तिने प्रयोगशाळेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता पाच सरकारी खाती एका तालात आणायची, एवढंच तर काम. एवढंच काम असेल तर त्याला वेगळा माणूस कशाला लागतो आणि आधीचे दोघे ते सोडून का गेले, हा प्रश्न तिला पडला नाही. उंटावरून पाहणाऱ्या शहाण्याला सगळी जमीन सपाटच दिसते.

ज्येष्ठ नागरिक समन्वय कक्ष जिन्याखाली होता. छत तिरकं, त्यामुळे दाराशी उभं राहता यायचं आणि टेबलापर्यंत जायचं तर वाकावं लागायचं. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवत. कक्ष झाल्यावर खुर्च्या बाहेर काढायच्या असं ठरलं होतं, पण त्या कोणत्या खात्याच्या हे ठरेना, म्हणून त्या तिथेच राहिल्या आणि आता त्यांच्यावर भेटायला येणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांना बसवत.

पाच खाती म्हणजे अशी: आरोग्य खातं म्हाताऱ्यांना तपासायचं, व्यायाम करून घ्यायला माणूस पाठवायचं. वाहतूक खातं त्यांना दवाखान्यात न्यायचं आणि आणायचं. घरदुरुस्ती खातं न्हाणीघरात कठडे लावायचं. निवृत्तिवेतन खातं पेन्शन द्यायचं. समाजकल्याण खातं उरलेलं सगळं करायचं, म्हणजे बैठका घ्यायचं. प्रत्येक खातं प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला वेगळा फोन करून विचारायचं, तुम्हाला आमची गरज आहे का? एखाद्या आजोबांना एका दिवसात तीन फोन जायचे आणि तिन्हीकडे त्यांना स्वतःची जन्मतारीख सांगावी लागायची. एका आजोबांनी कंटाळून तिसऱ्या वेळी वेगळीच सांगितली होती.

एक ना धड भाराभर चिंध्या, असं मनात म्हणत तिने कागद पुढे ओढला आणि आठवड्याभरात त्या चिंध्यांची एक सुबक गोधडी शिवली. पाचांच्या जागी एकच फोन. एकच प्रश्न: ‘आपल्याला सध्या शासनाच्या कोणत्याही सेवेची गरज आहे का?’ हो म्हटलं तर पुढचे प्रश्न. नको म्हटलं तर पाचही खात्यांना आपोआप निरोप, की यांच्याकडे जायचं नाही. शिवाय म्हाताऱ्या माणसांना छळू नये म्हणून तिने स्वतःच्या हाताने एक कलम घातलं: एकदा नकार आला की वर्षभर पुन्हा विचारायचं नाही. योजनेला नावही तिनेच दिलं. ‘एकदाच विचारा’.

“नाव झकास आहे,” वाहतूकवाले म्हणाले. ते वाहतूक खात्याचे अधिकारी. पोट सुटलेले, आवाज मोठा. पाच खाती जोडते म्हणून तिला ‘सांधेवाल्या बाई’ हे नाव त्यांनीच पाडलं होतं. “पण सांधेवाल्या बाई, एकदाच विचारून आमच्या घरात कोणी जेवायलासुद्धा येत नाही.”

ती हसली. विनोद म्हणून हसली. तो इशारा असावा हे लक्षात यायला तिला बरेच दिवस लागणार होते.

आधी शहराच्या एकाच भागात प्रयोग झाला. फोन करायला तीन मुली होत्या. निकाल इतका देखणा आला, की तिने तो आलेख छापून तिरक्या छताला चिकटवला. गरज असलेल्यांची रेघ जिन्यासारखीच उतरत गेली होती. वरच्या मजल्यावरचे साहेब वाकून आत आले, आलेख पाहिला आणि म्हणाले, “म्हणजे लोक सुखी आहेत.” तिला ते फार शास्त्रीय वाटलं नाही, पण गोड वाटलं. कॉलेजात असा सरळ आलेख कुणी आणून दिला असता तर तिने आधी त्या मुलाकडे आणि मग यंत्राकडे संशयाने पाहिलं असतं. इथे मुलगाही तीच आणि यंत्रही तिचंच, त्यामुळे संशयाला जागा उरली नव्हती.

एके दिवशी तीन मुलींपैकी एक आली नाही आणि तिचे फोन करायला ही बसली. चौथ्या-पाचव्या फोनला पडद्यावर जे नाव आलं ते तिच्या आत्याचं होतं.

कॉलेजची सगळी वर्षं ती याच आत्याकडे राहिली होती. आत्याने तिला शिकवलं, खाऊ घातलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी रडू दिलं, आणि त्याच्याही आधी, सहावीत सुट्टीला आलेली असताना तिने आत्याच्या घरातलं घड्याळ उघडून पुन्हा जोडताना दोन चाकं उरवली तेव्हापासून तिला ‘शास्त्रज्ञ’ म्हणायला सुरुवात केली होती. नोकरी लागल्यावर ती ऑफिसजवळ खोली घेऊन राहायला गेली. काही महिन्यांपूर्वी आत्या पायरीवरून घसरली, गुडघ्याची वाटी फुटली, शस्त्रक्रिया झाली. तेव्हा ही दवाखान्यात रोज जायची. मग महिन्यातून दोनदा. मग फोनवर.

आता खरं तर तिने तो फोन शेजारच्या मुलीकडे द्यायला हवा होता. पण तिला वाटलं, हीच तर परीक्षा आहे. नात्यातलं माणूस म्हणून एक शब्द कमी नाही की जास्त नाही. निःपक्षपातीपणाचा एक थरार असतो, तो तिला जाणवला. तिने घसा साफ केला.

“नमस्कार. मी ज्येष्ठ नागरिक समन्वय कक्षातून बोलतेय.”

“कोण? अगं, तू का? आवाज बसलाय वाटतं तुझा.”

“आपल्याला सध्या—”

“आपल्याला? मला कधीपासून अहोजाहो करायला लागलीस?”

“आत्या, कामाचा फोन आहे. रेकॉर्ड होतोय.”

“अगं बाई. बरं बरं.” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आत्या बहुधा ताठ बसली. “बोला.”

“आपल्याला सध्या शासनाच्या कोणत्याही सेवेची गरज आहे का?”

“नको हो. कशाला? चाललंय माझं. ज्यांना खरी गरज आहे त्यांना द्या.”

किती जबाबदार नागरिक आहे आपली आत्या, असं वाटून तिला भरून आलं. त्याच भरात तिने ‘नको’चं बटण दाबलं. पाय बरा झाला असणार, असंही तिला वाटलं. ते तिने विचारलं नाही, कारण तो प्रश्न ठरलेल्या मजकुरात नव्हता.

त्यानंतर रविवार आले आणि गेले. एका रविवारी दुपारी ती फळं घेऊन आत्याकडे गेली. घंटा वाजवली. आतून “आले, आले” असं ऐकू आलं, आणि मग आत्या यायला इतका वेळ लागला, की तिने जिन्यातल्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या. दार उघडलं तेव्हा आत्याचा एक हात भिंतीवर होता. डावा पाय ती काठीसारखा सरळ ठेवूनच वळत होती.

“काय बघतेस? आत ये. पाय आहे, पळून नाही जात.”

“हा वाकत का नाहीये?”

“त्याला विचार.”

व्यायामाचा रबरी पट्टा खिडकीच्या खिटीला लटकत होता आणि त्याला धूळ लागली होती. हात धुवायला ती न्हाणीघरात गेली. भिंतीवरच्या फरशीवर पेन्सिलीने दोन फुल्या मारलेल्या होत्या, कठडा कुठे लावायचा त्या. कठडा नव्हता. फुल्यांच्या खाली नळाला आत्याने जुन्या साडीचा पट्टा बांधला होता, धरून उठायला. तो तिने हाताने ओढून पाहिला. नळ हलला.

ती बाहेर आली. “व्यायामवाले येत नाहीत?”

“नाहीत.”

“कधीपासून?”

“तुझा तो अहोजाहोवाला फोन आला ना, त्याच्यानंतर कोणीच येत नाही. गाडीही नाही. मला वाटलं, बंदच झालं असेल सगळं.”

“पण तू मला एका शब्दाने बोलली नाहीस.”

“तुझंच खातं, तुझ्याचकडे गाऱ्हाणं काय करू? म्हटलं, नवी नोकरी आहे पोरीची.”

“आत्या, बंद नाही झालं. तू नको म्हणालीस म्हणून बंद झालं.”

आत्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं घड्याळाची ती दोन चाकं हातात घेऊन पाहिलं होतं. “मग काय म्हणू? द्या म्हणू? पहिल्याच झटक्यात? हपापल्यासारखं?”

“मग आधी कसं सुरू झालं होतं?”

“आधी ते आरोग्यवाले विचारायचे. त्यांना म्हटलं, नको, बरी आहे मी. मग गाडीवाल्यांचा फोन. त्यांना म्हटलं, रिक्षा मिळतात की. मग ती घरदुरुस्तीची बाई आली. ती म्हणाली, मावशी, नको काय म्हणता, काल तुम्ही जिन्यात कशा उतरत होता ते पाहिलंय मी. तेव्हा म्हटलं, इतकं म्हणताय तर बघा बापडे. तिनेच मग बाकीच्यांना कळवलं.” आत्याने फळांची पिशवी स्वतःकडे ओढली. “तू एकदा तरी ‘असं काय करता’ म्हणायचं होतंस. मी लगेच हो म्हणणार होते. तोंडातच होतं माझ्या.”

ती मोडक्या नसलेल्या खुर्चीवर बसली, पण तिला ती मोडकी असल्यासारखीच वाटली. कॉलेजात साध्या लंबकाचा झोका मोजायचा तरी तीन वाचनं घ्यायची, असा दंडक होता. एका वाचनावर निष्कर्ष काढणाऱ्याला सर वर्गाबाहेर काढत. आणि तिने शहराच्या एका अख्ख्या भागाचं एकच वाचन घेतलं होतं, वर पुन्हा मोजायला वर्षभर बंदी घातली होती. पाच खात्यांचे पाच फोन हा तिला गोंधळ वाटला होता. तो गोंधळ नव्हता. तो आग्रह होता. वेडावाकडा, एकमेकांना न विचारता केलेला, पण आग्रहच. तो तिने मोठ्या हौसेने काढून टाकला होता आणि त्याचा आलेख छताला चिकटवला होता.

सोमवारी तिने आरोग्य खात्याच्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर सडपातळ, कोरडे, कोणत्याही प्रश्नाला आधी मान हलवून नाही म्हणणारे.

“नाही. यंत्रणेत नकार नोंदलाय. वर्षभर मला माणूस पाठवता येत नाही. हे कलम कुणी घातलं देव जाणे.”

“मी.”

“हं. मग तुम्हीच जाणा.”

“पण गुडघ्याला वर्षभर थांबता येतं का?”

डॉक्टरांनी या वेळी मान हलवली नाही. “पहिल्या काही महिन्यांत जेवढा वाकवाल तेवढा. नंतर काठी. या महिन्याअखेर पुन्हा सुरू झालं तर आशा आहे. कलम फक्त पाचही खात्यांच्या समितीला बदलता येईल.”

समितीची बैठक त्याच गुरुवारी होती. विषय एकच: ‘एकदाच विचारा’ योजना सगळीकडे लागू करणे. सादरीकरण: समन्वयक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तिने तीन दिवस भाषण लिहिलं आणि तीनदा फाडलं. आत्याचं नाव काढायचं नाही हे तिने पक्कं केलं होतं. नाहीतर सगळे म्हणणार, घरचं दुखणं घेऊन आली. पुरावा हवा होता, तिऱ्हाईत, स्वच्छ. बुधवारी कँटीनसमोरून जाताना तो तिला सुचला आणि इतका आवडला, की तिने लगेच आत जाऊन चहावाल्या काकांना गाठलं.

“काका, उद्या बैठकीत चहा न्याल तेव्हा प्रत्येकाला एकदाच विचारायचं. नको म्हणाले की पुढे. आग्रह नाही.”

“मॅडम, कोणी घेणार नाही.”

“तेच दाखवायचंय.”

काकांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. “साहेब लोकांशी भांडण आहे का काही?”

गुरुवारी बैठकीच्या खोलीत पंखा जोरात होता आणि सगळ्यांनी आपापल्या कागदांवर मोबाइल ठेवले होते. काका ट्रे घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, “नको.” घरदुरुस्तीच्या बाई म्हणाल्या, “नको, आत्ताच झाला.” निवृत्तिवेतनवाल्यांनी नुसता हात आडवा केला. वाहतूकवाले म्हणाले, “नको काका, उगाच कशाला,” आणि बोलताबोलता कपासाठी समोरचे कागद बाजूला केले. काका पुढे सरकले. वाहतूकवाल्यांचा हात त्या मोकळ्या जागेवरच राहिला.

प्रयोग हुकमी चालला होता. मग काका समितीच्या अध्यक्षबाईंपाशी पोचले.

“हो, द्या,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “बिस्किटं आहेत का?”

काका गेले. दार लागलं. ती उभी राहिली, योजनेचा आलेख पडद्यावर लावला आणि म्हणाली, “आपल्या योजनेच्या पद्धतीने आत्ता या खोलीत चहाची गरज मोजली. निष्कर्ष असा, की एका व्यक्तीलाच चहा हवा आहे. बाकीचे सगळे सुखी आहेत.”

वाहतूकवाल्यांनी बंद दाराकडे पाहिलं. “म्हणजे काका परत येणार नाहीत?”

“वर्षभर नाही.”

दोघं-तिघं हसले. तिला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात अध्यक्षबाईंनी बिस्किट चहात बुडवलं.

“मला हवा होता, मी घेतला,” त्या म्हणाल्या. “ज्याला हवं त्याने तोंड उघडावं. ह्या लोकांनी नाही उघडलं, त्याला योजना काय करणार? तुमचा मुद्दा काय आहे?”

अख्खा प्रयोग इतका सुरेख रचला होता, आणि जिच्यासाठी रचला तीच बाई त्यातून सहीसलामत बाहेर पडून बिस्किट खात होती. तिने कागद उलटसुलट केले. शेवटी जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेच तोंडून निघालं.

“माझ्या आत्याचा गुडघा आहे,” ती म्हणाली.

आणि मग तिने सगळं सांगितलं. अहोजाहो, खुर्ची सरकल्याचा आवाज, ‘नको’चं बटण, फरशीवरच्या फुल्या, नळाला बांधलेला साडीचा पट्टा. सांगताना एकदा आवाज कापला, तेव्हा तिने पाणी प्यायल्याचं निमित्त केलं, आणि पेला रिकामा निघाला.

“सख्ख्या आत्याला अहोजाहो केलंत?” वाहतूकवाले म्हणाले.

“रेकॉर्ड होत होतं.”

“अहो, पण आत्याला?”

आता सगळेच हसले, पण आधीसारखं नाही. घरदुरुस्तीच्या बाई हसल्या नाहीत. “त्या फुल्या आमच्या माणसाच्या,” त्या म्हणाल्या. “कठडा गोदामात पडून आहे. त्याला वाटलं, मावशींनीच नको म्हटलं, तर भिंतीला कशाला भोकं पाडा.”

अध्यक्षबाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी आलेखाच्या उतरत्या रेघेकडे पाहिलं. “माझे सासरे गेले तेव्हा त्यांच्या उशीखाली फुटका चष्मा सापडला,” त्या म्हणाल्या. “मी विचारलं होतं त्यांना. बाबा, काही हवंय का? एकदा विचारलं होतं.” मग त्यांनी पेन उघडलं. “यातले किती ‘नको’ खरे, ते कळायला काय करावं लागेल?”

“सगळ्यांना पुन्हा विचारावं लागेल. प्रत्येक खात्याने आपलंआपलं. फक्त एकाने काय ऐकलं ते बाकीच्यांना कळलं पाहिजे. आणि ते वर्षाचं कलम…”

“ते आजपासून गेलं. फोन उद्यापासून सुरू करा.”

संध्याकाळी इतिवृत्त आलं. त्यात लिहिलं होतं: ‘एकदाच विचारा’ ही योजना प्रत्येक लाभार्थ्यासाठी किमान तीनदा राबवण्यात यावी. तिने ते दोनदा वाचलं. नाव बदलायला वेगळी उपसमिती लागली असती.

आत्याला फोन कुणी करायचा हा प्रश्न होता. या वेळी तिने शहाणपणा केला आणि स्वतः केला नाही. वाहतूकवाले म्हणाले, “माझ्याकडे द्या. आग्रहात मला कोणी हरवत नाही.” दुसऱ्या दिवशी ते तिरक्या छताखाली वाकून आत आले ते नाराज होऊनच.

“काय झालं? नको म्हणाली?”

“काय सांगू? मी नुसता नमस्कार केला, खात्याचं नाव घेतलं, तर त्याच म्हणाल्या, हो, पाठवा, व्यायामवाले पण, गाडी पण आणि कठडा पण. सकाळी पाठवा म्हणाल्या. माझं आग्रहाचं सगळं भाषण वाया गेलं.”

तिने संध्याकाळी आत्याला फोन केला. “अगं, पहिल्याच फटक्यात हो म्हणालीस?”

“मग? एकदा नको म्हणून बघितलं की. परत कोण म्हणतंय?”

म्हणजे तीनदा विचारायचा तिचा नवा नियमही पहिल्याच माणसापाशी खोटा ठरला. तिने वहीत नोंद करायला घेतलं, आणि पेन खाली ठेवलं.

सोमवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली. व्यायामवाले आले तेव्हा ती आत्याच्या पलंगाशी उभी होती. ते बुटके, रुंद मनगटांचे गृहस्थ होते. त्यांनी गुडघ्याखाली उशी सारली, घोटा धरला आणि पाय हळूहळू वाकवत नेला. जिथे थांबला तिथे त्यांनी ओठ दाबले.

“मागे गेलाय. बराच. मी सोडला तेव्हा याच्या पुढे होता.”

“परत येईल?” तिने विचारलं.

“येईल. सगळा येईल असं नाही सांगत. मांडी घालून बसणं अवघड आहे. जिना उतरेल, ते मी बघतो.”

न्हाणीघरातून भिंतीला भोक पाडल्याचा आवाज येत होता. मग आत्या म्हणाली, “बघता काय दोघं, मांडी घालून मला कुठे बसायचंय? खुर्च्या आहेत घरात.” तिने भाचीकडे हनुवटी केली. “ही माझी भाची. हिनेच तुम्हाला बंद केलं आणि हिनेच सुरू केलं.”

“अच्छा,” व्यायामवाले म्हणाले. “म्हणजे बटण.”

“समन्वयक,” ती म्हणाली.

“तेच. इकडे या, टाच धरा. दोन्ही हातांनी. मी सांगेन तेव्हा ढकलायचं, आणि त्या ओरडल्या तरी मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.”

तिने टाच धरली. टाच गार होती आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा हलकी. व्यायामवाल्यांनी सांगितलं तशी तिने ती ढकलली. आत्याने तिला तिच्या संपूर्ण शिक्षणासकट शिव्या घातल्या, आणि गुडघा जराभर पुढे सरकला.